डेटाबेसमधल्या तारखांचे एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारखेचा एरर आला की बहुतेक जण आधी एक फॉरमॅट लावून बघतात, मग दुसरा, मग तिसरा. ज्याने एरर जातो तो ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. पण एरर गेला म्हणजे तारीख बरोबर वाचली गेली, असे मुळीच नाही. खालची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात. उदाहरणांतल्या तारखा देवनागरी आकड्यांत आहेत. क्वेरीत मात्र इंग्रजी अंकच टाइप करा. त्याचे कारण पुढे एका प्रश्नात आले आहे.

कालपर्यंत व्यवस्थित चालणारा इम्पोर्ट आज 'महिना चुकीचा' म्हणून का थांबला?

आज तारीख किती आहे ते बघा. १३ असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे. फाइलमध्ये दिवस आधी आणि महिना नंतर लिहिला आहे, आणि वाचणारा प्रोग्रॅम महिना आधी धरतोय. '०५/०३/२०२४' म्हणजे ५ मार्च. प्रोग्रॅमने ती ३ मे म्हणून वाचली आणि निमूटपणे साठवली, कारण ३ मे हीसुद्धा खरीखुरी तारीख आहे. '१३/०३/२०२४' आली तेव्हा त्याला तेरावा महिना सापडेना, म्हणून तो थांबला.

हिशोब करून बघा. दिवस आणि महिना दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असलेल्या तारखा वर्षात १४४ असतात. त्यातल्या १२ (१ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा) उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा कसलाही आवाज न करता चुकतात. ३६५ पैकी बाकीच्या २२१ एरर देतात. या २२१ ची मला काळजी वाटत नाही, त्या स्वतःहून हात वर करतात. म्हणून १३ तारखेला एरर आला तर फक्त त्या दिवसाची फाइल नीट करून थांबू नका. १ ते १२ तारखेच्या फाइली आधीच उलट्या वाचल्या जाऊन टेबलात बसलेल्या असतात. त्या शोधायच्या कशा, ते शेवटच्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

माझ्या कॉलमचा डेट फॉरमॅट बदलायचा आहे. कुठली कमांड वापरू?

कॉलमचा टाइप खरोखरच तारखेचा असेल तर त्याला फॉरमॅट नसतोच. पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासून किती दिवस झाले तो आकडा ४ बाइटमध्ये ठेवतो. एसक्यूएल सर्व्हरचा 'डेट' टाइप ३ बाइट घेतो, ओरॅकलचा ७. त्या बाइटमध्ये ना आडवी रेघ असते, ना तिरकी. स्क्रीनवर दिसणारे रूप तुमचे टूल किंवा सेशनची (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीची) सेटिंग त्या क्षणी तयार करते. त्यामुळे 'डेटाबेसमध्ये तारीख चुकीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह झाली' ही तक्रार आली की मी आधी कॉलमचा टाइप विचारतो. टाइप तारखेचा निघाला तर प्रश्न दाखवण्याचा आहे. टाइप टेक्स्ट निघाला तर प्रश्न बराच मोठा आहे.

मग क्वेरीत तारीख लिहायची कशी?

शक्य असेल तिथे लिहूच नका. पॅरामीटर (क्वेरीत मोकळी जागा ठेवून व्हॅल्यू वेगळी देणे) वापरा, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला तारखेचा ऑब्जेक्ट ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा भाग, थेट तारीख म्हणूनच पाठवतो आणि मध्ये टेक्स्ट येतच नाही. माझ्या मते तारखांचे निम्मे दुखणे एवढ्यानेच जाते, शिवाय एसक्यूएल इंजेक्शनचा (मजकुरातून कुणी क्वेरीत घातक कमांड घुसवण्याचा) धोकाही टळतो.

लिहायचीच असेल तर वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवा: '२०२४-०३-०५'. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून हाच क्रम सांगते. या क्रमात टेक्स्ट म्हणून लावलेली क्रमवारीसुद्धा बरोबर येते.

पण एसक्यूएल सर्व्हरवर यातही एक खाच आहे आणि ती अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते. जुन्या 'डेटटाइम' टाइपसाठी, लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश किंवा फ्रेंच असेल, तर '२०२४-०३-०५' हे वर्ष-दिवस-महिना असे वाचले जाते, म्हणजे ३ मे. 'डेट' आणि 'डेटटाइम२' या टाइपना ही अडचण नाही. जुना टाइप बदलता येत नसेल तर रेघा काढून टाका: '२०२४०३०५'. हे रूप तिथे कुठल्याही भाषेत एकाच अर्थाने वाचले जाते.

एरर मेसेजवरून चूक कुठे आहे ते कळते का?

बऱ्यापैकी कळते, फक्त मेसेज शेवटपर्यंत वाचायला हवा.

ओरॅकलमध्ये ओआरए-०१८४३ म्हणजे महिना ओळखता आला नाही. दिवस-महिना उलटे आहेत, किंवा महिन्याचे नाव एका भाषेत आणि सेशन दुसऱ्या भाषेत आहे. ओआरए-०१८६१ म्हणजे दिलेला मजकूर आणि फॉरमॅटचा साचा जुळत नाहीत. ओआरए-०१८३० म्हणजे साचा संपला तरी मजकूर उरला. बहुतेक वेळा तारखेमागे वेळही आलेली असते आणि साच्यात ती नसते. ओआरए-०१८५८ म्हणजे आकडा हवा तिथे अक्षर आले.

पोस्टग्रेस 'व्हॅल्यू मर्यादेबाहेर' असे सांगून खाली 'डेटस्टाइल' (दिवस-महिन्याचा क्रम ठरवणारी) सेटिंग तपासण्याची सूचना देतो. ती सूचना बरोबर असते, पण सर्व्हरची डेटस्टाइल बदलून मोकळे होऊ नका. त्या सर्व्हरवर महिना आधी धरणारा दुसरा एखादा प्रोग्रॅम असेल तर तो त्याच क्षणापासून चुकायला लागेल.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २४१ म्हणजे मजकुराची तारीख होऊच शकली नाही. २४२ म्हणजे तारखेसारखे काहीतरी दिसले, पण मर्यादेत बसले नाही. ही मर्यादा लक्षात असू द्या: 'डेटटाइम' १७५३ सालाच्या आधीची तारीख घेत नाही. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारताना मधले ११ दिवस गाळले, त्या गोंधळातून सुटण्यासाठी ही सीमा पडली. वर्ष '२०२४' ऐवजी '०२२४' टाइप झाले की २४२ हमखास भेटतो.

मायएसक्यूएलचा १२९२ हा 'तारखेची व्हॅल्यू चुकीची' एवढेच सांगतो, पण ती व्हॅल्यू अवतरण चिन्हांत छापतो. ती नीट बघा. मागे-पुढे स्पेस असेल तर तिथेच दिसते.

माझ्या मशीनवर चालते, सर्व्हरवर एरर येतो. असे का?

कारण तुम्ही तारखेचा अर्थ सेशनवर सोडला आहे. ओरॅकलमध्ये तो 'एनएलएस_डेट_फॉरमॅट' ठरवतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिनची भाषा, पोस्टग्रेसमध्ये डेटस्टाइल. तुमच्या मशीनवर आणि सर्व्हरवर या सेटिंग वेगळ्या आहेत. दोन्हीकडे सारख्या करून टाकणे हा उपाय तात्पुरता आहे. साचा क्वेरीतच स्पष्ट लिहा.

यातलीच ओरॅकलमधली एक नेहमीची चूक: कॉलम आधीच तारखेचा असताना त्यावर 'टू_डेट' लावणे. हे फंक्शन टेक्स्ट मागते, म्हणून ओरॅकल आधी तारखेचे गुपचूप टेक्स्ट करतो, तेही सेशनच्या फॉरमॅटमध्ये, आणि मग त्याची पुन्हा तारीख करतो. या ये-जामध्ये वेळ गळून पडते आणि कधी शतकही बदलते. तारखेच्या कॉलमवर 'टू_डेट' दिसले की काढून टाका.

वेळेत मिनिटांच्या जागी नेहमी एकच आकडा का येतो?

तो आकडा महिन्याचा आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये 'एमएम' म्हणजे महिना. मिनिटांसाठी 'एमआय' लागते. मायएसक्यूएलमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे लहान 'एम' हा महिन्याचा आकडा, मोठा 'एम' हे महिन्याचे नाव, आणि मिनिटे म्हणजे लहान 'आय'. जावात मोठे 'एमएम' महिना आणि लहान 'एमएम' मिनिटे. मार्चमध्ये सगळ्या नोंदी काहीतरी वाजून ३ मिनिटांनी झालेल्या दिसल्या तर ओळखून जा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्ष एकाने पुढे जाते. वर्षभर तर काहीच झाले नव्हते!

जावात वर्षासाठी लहान 'वाय' वापरायचा असतो. मोठा 'वाय' आठवड्यांच्या हिशोबातले वर्ष देतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो, म्हणून मोठ्या 'वाय'ने ती तारीख ३०-१२-२०२५ अशी छापली जाते. वर्षातले साधारण ३६० दिवस दोन्ही अक्षरे सारखेच उत्तर देतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये ही चूक सापडत नाही. टेस्टमध्ये ३० आणि ३१ डिसेंबर मुद्दाम ठेवा.

तारखेच्या कॉलममध्ये ४५२९२ असे आकडे आले आहेत. फाइल खराब आहे का?

फाइल खराब नाही, ती एक्सेलमधून आली आहे. एक्सेल तारखा १९०० पासूनच्या दिवसांच्या संख्येत ठेवतो; ४५२९२ म्हणजे १ जानेवारी २०२४. रूपांतर करताना ३० डिसेंबर १८९९ या तारखेत तो आकडा मिळवा. हा विचित्र आरंभबिंदू यासाठी की एक्सेल १९०० साल लीप वर्ष मानतो, जे ते नव्हते. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळते राहण्यासाठी ही चूक तशीच ठेवली गेली. जुन्या मॅकवर तयार झालेल्या काही फाइली १९०४ पासून मोजतात. सगळ्या तारखा बरोबर १४६२ दिवसांनी सरकलेल्या दिसल्या तर कारण हेच.

१७०४०६७२०० असा १० आकडी अंक आला तर ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आहेत (हा अंकही १ जानेवारी २०२४ चाच, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे). १३ आकडी असेल तर मिलिसेकंद. आधी १००० ने भागा.

तारीख डोळ्यांना बरोबर दिसते, तरी डेटाबेस नाकारतो.

लांबी मोजा. '२०२४-०३-०५' यात १० अक्षरे असतात. ११ किंवा १२ आली तर न दिसणारे अक्षर चिकटले आहे. वर्ड किंवा वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी स्पेस येते, जी दिसते साधी स्पेससारखीच, पण साध्या 'ट्रिम'ने निघत नाही. विंडोजच्या प्रॉपर्टीज खिडकीतून कॉपी केलेल्या तारखेत लिहिण्याची दिशा सांगणारे अदृश्य चिन्ह येते. ओरॅकलमध्ये 'डम्प' आणि मायएसक्यूएलमध्ये 'हेक्स' फंक्शन प्रत्येक बाइट उघडा करून दाखवते. पाच मिनिटांचे काम आहे, ते न करता लोक दिवसभर फॉरमॅट बदलत बसतात.

देवनागरी अंकांत टाइप केलेली तारीख फॉर्म स्वीकारतो, डेटाबेस नाही. कुणाचे खरे?

दोघेही आपापल्या नियमाने वागतात. पायथन ३ च्या रेग्युलर एक्सप्रेशनमधली (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातली) 'कुठलाही अंक' ही खूण देवनागरी '५' लाही अंकच मानते, डॉटनेटमध्येही तसेच. म्हणून फॉर्मची तपासणी पास होते. डेटाबेसचा तारीख वाचणारा भाग मात्र इंग्रजी अंकच जाणतो. वापरणाऱ्याला त्याच्या लिपीत टाइप करू देणे चांगलेच आहे, त्याला अडवू नका. फक्त फॉर्म आणि डेटाबेसच्या मध्ये अंक बदलून घ्या. पायथनचे 'इंट' फंक्शन देवनागरी अंक सरळ घेते, त्यामुळे दिवस, महिना, वर्ष वेगळे करून त्यातून तारखेचा ऑब्जेक्ट बनवला की काम झाले.

'००००-००-००' ही तारीख कुठून आली?

मायएसक्यूएलमधून. स्ट्रिक्ट मोड (चुकीची व्हॅल्यू नाकारणारी सेटिंग) बंद असताना न समजलेली तारीख तो एरर न देता शून्य करून ठेवतो आणि फक्त वॉर्निंग देतो. आवृत्ती ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो, म्हणून अपग्रेड केल्यावर जुना कोड एरर द्यायला लागतो. अशा वेळी स्ट्रिक्ट मोड बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तो पाळू नका. 'तारीख माहीत नाही' यासाठी नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, आहे. कॉलमला नल चालेल असे करा आणि शून्य तारखा नल करून टाका. पोस्टग्रेसमध्ये डेटा हलवायचा असेल तर हे आधीच करावे लागते, कारण तो शून्य तारीख घेतच नाही.

दोन आकडी वर्षाचे शतक कोण ठरवते?

प्रत्येक डेटाबेस आपापल्या परीने. मायएसक्यूएल ७० ते ९९ ला १९०० च्या शतकात टाकतो आणि ०० ते ६९ ला २००० च्या. एसक्यूएल सर्व्हरची सीमा २०४९ आहे. ओरॅकलचा 'आरआर' हा दोन आकडी वर्षाचा साचा सध्याच्या काळात ५० च्या खालचे वर्ष २००० च्या शतकात धरतो. म्हणजे '६५' मायएसक्यूएलमध्ये २०६५ होते आणि इतर दोघांकडे १९६५. जन्मतारखांमध्ये हे फार महागात पडते. चार आकडी वर्ष मागून घ्या.

सेव्ह केलेली तारीख एक दिवस मागे दिसते.

हा टाइमझोनचा प्रश्न आहे. जावास्क्रिप्ट '२०२४-०३-०५' ही नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचते. यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात तेव्हा अजून ४ मार्चची संध्याकाळ असते. उलट यूटीसीच्या पुढच्या प्रदेशात कुणी स्थानिक मध्यरात्र तयार करून ती यूटीसीत बदलून पाठवली, की तिथेही दिवस एकाने घटतो. जन्मतारीख किंवा देय तारीख यांना वेळ नसते. त्या 'डेट' टाइपमध्येच ठेवा आणि शेवटपर्यंत दिवस-महिना-वर्ष म्हणूनच न्या. घटना घडल्याचा क्षण असेल तर तो मात्र टाइमझोनसह ठेवा. मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' वापरत असाल तर तो १९ जानेवारी २०३८ च्या पुढे जात नाही, हे विसरू नका.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी रिपोर्टमध्ये येत नाहीत.

'१ मार्च ते ३१ मार्च यांच्यामध्ये' असे लिहिले की ३१ मार्चचा अर्थ त्या दिवसाची मध्यरात्र होतो, आणि त्यानंतरचा सगळा दिवस बाहेर पडतो. काही जण '२३:५९:५९.९९९' लावतात. एसक्यूएल सर्व्हरचा 'डेटटाइम' ते पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत राउंड करतो आणि १ एप्रिल ००:०० वाजताच्या नोंदी आत येतात. '१ मार्च किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' हीच अट लिहा.

तारखा टेक्स्ट कॉलममध्ये आहेत. बदलायचे धाडस होत नाही.

मूळ कॉलमला हात न लावता शेजारी तारखेचा नवा कॉलम काढा आणि त्यात भरा. न बदलणाऱ्या नोंदींवर सगळी क्वेरी अडू नये यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून 'ट्राय_कन्व्हर्ट' आहे. दिवस-महिना-वर्षासाठी त्याला १०३ ही स्टाइल द्या. ओरॅकल १२.२ पासून रूपांतर फसल्यास नल देण्याची सोय आहे. पोस्टग्रेस १६ मध्ये मजकूर चालेल का ते आधी तपासणारे फंक्शन आले. नल राहिलेल्या नोंदी बाहेर काढून एकेक बघा. त्यात '३१/०६', '२९/०२/२०२३', 'माहीत नाही' असे सगळे सापडेल. यातल्या कशाचाही अंदाज तुम्ही करू नका, ज्यांचा डेटा आहे त्यांना विचारा. पोस्टग्रेस १० च्या आधीची आवृत्ती असेल तर जास्त सावध राहा, कारण तिथले 'टू_डेट' ४० तारखेसारख्या अशक्य तारखाही पुढच्या महिन्यात ढकलून स्वीकारत असे.

दिवस-महिना उलटे होऊन आधीच टेबलात गेले आहेत. शोधायचे आणि सुधारायचे कसे?

एकदा एका कामात मार्च महिन्याच्या व्यवहारांचे टेबल माझ्यासमोर आले. तक्रार एवढीच होती की बेरीज कमी येते. मी तारखेप्रमाणे नोंदी मोजल्या. १३ ते ३१ मार्च व्यवस्थित होते. त्याच्या आधी मात्र मार्चमध्ये फक्त ३ तारीख. आणि मग ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३ एप्रिल, ३ मे, अशा थेट ३ डिसेंबरपर्यंत नोंदी, तेही एप्रिल महिना चालू असताना. पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले गेले होते आणि प्रत्येकाच्या अंगावर '३' चा शिक्का होता. प्रोग्रॅम प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज घेत होता: महिना आधी धरून जमले तर ठीक, नाहीतर दिवस आधी. पायथनची पांडाज लायब्ररी २०२३ मधल्या २.० आवृत्तीपर्यंत अशीच वागत असे. आता ती पहिल्या तारखेवरून एकच फॉरमॅट ठरवते आणि पुढे जुळले नाही तर एरर देते. हा बदल मला मनापासून पटतो.

तुमच्या टेबलावर हीच मोजणी करा. तीन खुणा बघा: भविष्यातल्या तारखा, प्रत्येक महिन्यात एकाच दिवसाला आलेला उंचवटा, आणि १२ च्या पुढचे दिवसच नसणे. तिसरी खूण दिसली तर एरर देणाऱ्या ओळी कुणीतरी गाळून टाकल्या आहेत, आणि त्या परत मिळवणे हे वेगळे काम आहे.

सुधारताना पहिली पसंती मूळ फाइलला. मूळ फाइल असेल तर त्या कालावधीचा डेटा काढून स्पष्ट साच्यासह पुन्हा भरा. नसेल तर नुसती तारीख बघून ती उलटी आहे की सुलटी हे कधीच कळणार नाही. शेजारच्या कॉलमचा आधार घ्या. नोंदीचा चढता क्रमांक किंवा ती भरली गेल्याची वेळ असेल, तर खरी तारीख तिच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या जवळपासच असली पाहिजे. क्रमांक ५०० ची तारीख ५ मार्च, ५०२ ची ६ मार्च आणि ५०१ ची ३ मे असेल, तर ५०१ उलटी आहे.

अदलाबदल करण्याआधी जुनी तारीख वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा आणि 'सुधारली' अशी खूण ठेवणारा एक कॉलम जोडा. अदलाबदल दोनदा झाली की तारीख पुन्हा चुकीच्या जागी येते. स्क्रिप्ट निम्म्यात बंद पडली आणि पुन्हा चालवली, तर सुधारलेल्या नोंदी परत उलट्या होतील. म्हणून अपडेटच्या अटीत ती खूण तपासा, तारीख आणि खूण दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही बदल होतील किंवा एकही नाही) बदला, आणि कमिट करण्याआधी, म्हणजे बदल कायम करण्याआधी, तारखेप्रमाणे मोजणी पुन्हा एकदा लावून बघा.